दहा काड्यांचा तारा आणि धांड्यांची गव्हाणी

नाताळचा तारा वाकडा दिसला की सगळे कागद चिकटवणाऱ्याला बोलतात. खरं तर तोवर बिघाड होऊन गेलेला असतो, आणि तो झालेला असतो काड्या सोलताना. कागद फक्त चुगली करतो. म्हणून तारा करायचा म्हटलं की आम्ही कागदाच्या दुकानात नंतर जातो, आधी बुरुडाकडे.

खानदेशात डिसेंबर महिनाही सोयीचा. कपाशीची वेचणी चालू असते, ज्वारी निघून कडबा रचलेला असतो, घड उतरवलेल्या केळीची खोडं रावेर-यावलकडे बांधाबांधावर पडलेली असतात, आणि संक्रांतीच्या पतंगांमुळे डिसेंबर लागताच जळगाव-धुळ्याच्या दुकानांत पतंगी कागदाचे ताव येतात. भुसावळची रेल्वे वसाहत असो की नवापूर-चिंचपाड्याकडचं गाव, घरची नाताळची सजावट बांबू आणि या चार गोष्टींच्या बाहेरचं फारसं काही मागत नाही. फिलिपिन्समधला नाताळचा ‘पारोल’ही मुळात असाच बांबूच्या काड्या आणि पातळ कागदाचा पाच टोकांचा तारा आहे. बांबू आणि कागद जिथे स्वस्त, तिथे हात याच सांगाड्यावर जातात.

काम आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या तयारीच्या काळाच्या, पहिल्या रविवारी काढावं. तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या मध्ये कुठेतरी येतो, म्हणजे हाताशी तीन आठवडे राहतात. चार माणसं असली तर दोन संध्याकाळींत तीन तारे होतात. एकट्याने केला तर एकाच ताऱ्याला दोन संध्याकाळी जातात, कारण बांधताना धरणारे हात वेगळे आणि आवळणारे वेगळे लागतात.

आता काडी. एका ताऱ्याला ६२ सें.मी.च्या दहा काड्या लागतात, पाच-पाचचे दोन सपाट तारे एकावर एक बांधायचे म्हणून. त्यांतला १ सें.मी. दोन्हीकडे बांधणीत जातो, म्हणजे कामाची लांबी ६०. रुंदी ८ मि.मी., जाडी ३ मि.मी. जाडी ४ च्या वर गेली की काडी वाकत नाही, दोन ताऱ्यांमध्ये टेकू घालताना टोकाचा दोरा तुटतो. २ च्या खाली गेली की कागद चिकटवायची मैद्याची खळ सुकताना कागद तिला आत ओढतो आणि बाहूची कड धनुष्यासारखी होते. बांबू ओलसर घ्यावा. वाळलेलाच मिळाला तर चिरलेल्या काड्या रात्रभर पाण्यात ठेवाव्यात. जाडी कमी करायची ती आतल्या, मऊ बाजूने. पाठीची गुळगुळीत साल तासली की काडीचा जीवच जातो. आणि बांधताना सगळ्या काड्यांची पाठ बाहेरच्या बाजूला हवी. एखादी उलटी लागली तर तो बाहू बाकीच्या चारांपेक्षा वेगळा वाकतो, आणि दिवा लावल्यावर ते लांबून दिसतं.

पेराकडे लक्ष द्यावं. पेरावर बांबू वाकत नाही. काडी अशी कापावी की पेर तिच्या बरोबर मध्यावर पडेल, कारण मधला भाग ताऱ्यात सरळच राहतो. दोन पेरं येणारी काडी बाजूला ठेवावी, ती टेकूंना कामी येते.

प्रत्येक काडीवर पेन्सिलने दोन खुणा करायच्या: दोन्ही टोकांकडून २३-२३ सें.मी.वर, मध्ये १४ उरतात. पाच सारख्या काड्यांचा तारा मांडला की त्या एकमेकींना याच जागी ओलांडतात; काडीच्या लांबीच्या ३८.२ टक्क्यांवर. दुसऱ्या मापाचा तारा करायचा असेल तर एवढा एक आकडा पुरे. ९० सें.मी.ला ३४.४ आणि मध्ये २१.२, ४० सें.मी.ला १५.३ आणि मध्ये ९.४. खुणा न करता नुसत्या डोळ्यांनी मांडलेला तारा जमिनीवर बरा दिसतो, टांगला की एक पाय आखूड निघतो.

टोकं बांधण्याआधी प्रत्येक काडीची शेवटची ३ सें.मी. आतल्या बाजूने निम्मी तासून घ्यावी. शेवटी एकेका टोकाशी चार काड्या जमा होतात. तासल्या नाहीत तर तिथे बोटाएवढी गाठ होते आणि त्यावर कागद बसत नाही.

पाच काड्या जमिनीवर मांडायच्या, खुणेवर खूण. प्रत्येक काडी एका फुलीवर वरून जाते, दुसऱ्या फुलीवर खालून. हे विणणं चुकलं तर तारा सपाट बसत नाही, एक कोपरा उचलून राहतो. मग जोर लावू नये, सोडून पुन्हा मांडावा. सध्या फक्त पाच टोकं बांधायची, आतल्या फुल्या मोकळ्या. दोरा गोधडी शिवायचा सुती, मेणबत्तीवर एकदा ओढून घेतलेला. नायलॉनचा दोरा बांबूच्या सालीवर घसरतो. सुतळी घट्ट बसते, पण कागदाखाली तिचा उंचवटा दिसतो. दोन वेढे आडवे, दोन उभे, मग दोन काड्यांच्या मधून दोन वेढे घालून आवळायचं. हे शेवटचे दोन वेढेच गाठ धरतात. घाईत तेच राहून जातात.

असे दोन सपाट तारे झाले की एकावर एक ठेवून पाचही टोकं एकमेकांना बांधायची. आता टेकू. पाच टेकू, प्रत्येकी १४ सें.मी., दोन्ही टोकांना इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच. दोन ताऱ्यांच्या समोरासमोरच्या फुल्यांमध्ये टेकू उभा करायचा, खाचेत फुली बसवायची आणि तेव्हाच ती दोऱ्याने बांधायची. ओळीने शेजारशेजारचे टेकू लावत गेलात तर सांगाडा एका बाजूला फुगतो आणि शेवटचा टेकू जातच नाही. एक सोडून एक लावावे: पहिला, तिसरा, पाचवा, मग दुसरा आणि चौथा. चौथा बसताना बांबू कुरकुरतो, तो आवाज चालतो. ‘टक्’ झालं तर काडी गेली, ती बदलावी. दोऱ्याने गुंडाळलेली तडा गेलेली काडी कागद सुकताना हमखास मोडते.

टेकू १४ चेच का, हे नीट पाहण्यासारखं आहे. काड्यांचा मधला भाग १४ आणि टेकूही १४ झाला की प्रत्येक बाहूचं बूड चौकोनी होतं आणि चारही बाजूंचे त्रिकोण एकाच मापाचे पडतात: पाया १४, बाजू २३. ताऱ्याला असे वीस त्रिकोण आणि पुढे-मागे एकेक पंचकोन लागतो. म्हणजे पुठ्ठ्याचा एकच साचा करून वीसही तुकडे कापता येतात. टेकू १८ चे घातले तर तारा गुबगुबीत दिसतो खरा, पण पुढचे त्रिकोण एक माप, बाजूचे दुसरं, आणि दोन साच्यांत घोळ ठरलेला.

साचा कापताना चारी बाजूंनी दीड सें.मी. जास्त ठेवावं. ५० × ७५ सें.मी.च्या तावातून त्रिकोण उलटसुलट लावले की दोन पट्ट्यांत मिळून चौदा निघतात. दुसऱ्या तावात उरलेले सहा त्रिकोण आणि दोन पंचकोन जेमतेम बसतात. तीन ताव आणावेत, एक फाटतोच. रंगात पिवळा सगळ्यांत उजेड देतो. लाल आणि गडद हिरवा दिवसा छान, रात्री मेलेले. पांढरा करायचा तर आतला बल्ब दुधी काचेचा हवा, नाहीतर ताऱ्याऐवजी मध्ये एक टिकली दिसते. रंगीत तावाचा तुकडा आधी ओल्या बोटाने चोळून पाहावा. स्वस्त लाल कागद रंग सोडतो आणि शेजारचा पांढरा गुलाबी करून टाकतो.

खळीला ५० ग्रॅम मैदा १०० मि.ली. गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचा, तो ३०० मि.ली. उकळत्या पाण्यात ओतून ढवळत राहायचं. तीन-चार मिनिटांत पांढरेपणा जाऊन ती चकाकते, तेव्हा उतरवावी. कच्ची राहिली तर सुकल्यावर पीठ होऊन झडते. झुरळं आणि कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालतात. ते विषारी आहे, तेव्हा भांडं स्वयंपाकाचं नको आणि लहान मुलांच्या हाती ती खळ नको. मोरचुदाची निळसर झाक पांढऱ्या कागदावर उठते, तिथे तुरटीची पूड घालावी. खळ गार झाल्यावरच वापरायची. गरम खळीने पतंगी कागद लगेच विरघळल्यासारखा होतो.

खळ काडीला लावायची, कागदाला नाही. त्रिकोण काडीवर ठेवून टोकाकडून बुडाकडे बोटाने दाबत जायचं आणि जास्तीचा कागद काडीभोवती आत वळवायचा. इथे नवा माणूस कागद ताणून लावतो. ताणू नये. थोडा सैल, सुरकुतलेला राहिला तरी चालतो, उलट तसाच राहावा. सगळा तारा पूर्ण सुकला की फुसफुस्याने पाण्याचा अगदी हलका फवारा लांबून मारायचा. ओला पतंगी कागद आधी आणखी ढिला पडतो. पाहणाऱ्याला वाटतं, गेलं सगळं. वीस मिनिटांनी तोच सुकताना आक्रसतो आणि डफासारखा ताणून बसतो. नखाने टिचकी मारली तर वाजतो. आधीच ताणून लावलेला असेल तर तो या वेळी काडीच्या कडेने सरळ रेषेत फाटतो. फवारा पुढून मारला तितकाच मागूनही मारावा. एकाच बाजूचा कागद आक्रसला तर तो सांगाड्याला पीळ देतो. हे काम दुपारी करावं. डिसेंबरात इकडे रात्री गारठा असतो, सकाळपर्यंत खळ ओलीच राहते.

जिलेटीन कागद घेऊ नये असं आमचं मत. तो दवाने भिजत नाही हे खरं, पण फवाऱ्याने ताणत नाही, खळ धरत नाही, आणि चिकटपट्टीने लावला की तारा भेटवस्तूच्या पुडक्यासारखा दिसतो.

मागच्या पंचकोनाच्या वरच्या दोन कडा चिकटवायच्या, खालच्या तीन मोकळ्या ठेवून तिथे दार करायचं. बल्ब याच दारातून. मधल्या पोकळीत मध्यापासून पुढच्या कागदापर्यंत फक्त ७ सें.मी. आहेत आणि बल्ब साधारण ६ सें.मी. जाडीचा; म्हणजे बल्ब आणि कागदात ४ सें.मी. राहतात. तेवढ्यात जुना तारेचा ४० वॅटचा दिवा कागद तपकिरी करतो आणि पुढे काय होतं ते सांगायला नको. ५ वॅटचा एलईडी पुरतो. ताऱ्याचं वजन वायरवर टाकू नये: सांगाडा वेगळ्या दोरीने टांगावा आणि वायर वरच्या दोन फुल्यांना आडव्या बांधलेल्या काडीला गुंडाळून मग होल्डर खाली सोडावा. वायरचा जोड बाहेर उघड्यावर नको. तारा छज्ज्याखाली किंवा ओसरीत लावला तर ६ जानेवारीपर्यंत, म्हणजे उतरवायच्या दिवसापर्यंत, टिकतो. उघड्या गच्चीवर रोज पहाटे दवाने सैल आणि दुपारी उन्हाने ताठ होत आठ-दहा दिवसांत खळीचे सांधे सुटतात.

गव्हाणीसाठी, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यासाठी, ज्वारीचे धांडे, म्हणजे ताटं. ज्यांनी लहानपणी धांड्यांच्या बैलगाड्या केल्या त्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी: साल ही खिळा, आतला मऊ गाभा हे लाकूड. सालीची ४ सें.मी.ची अणकुचीदार काडी गाभ्यातून तिरकी घुसवली की सांधा झाला, गोंद नको, दोरा नको. धांडे पूर्ण वाळलेले हवेत. ओल्यात केलेला सांधा आठवड्यात गाभा आक्रसून खुळखुळतो. साल सोलताना बोटं कडेवरून ओढू नयेत. तिची धार पातीसारखी असते आणि कापलेलं रक्त आल्यावरच कळतं.

बूड ४० × ३० सें.मी.च्या जाड पुठ्ठ्याचं. पुढचे दोन खांब २५ सें.मी., मागचे दोन १८, म्हणजे एकपाखी छप्पर आपोआप उतरतं. छपराला ३६ सें.मी.चे तीसेक धांडे शेजारी-शेजारी, खालून दोन आडव्या धांड्यांना कूड बांधतात तसे दोऱ्याने ओवलेले. मागची भिंत तशीच, पुढची बाजू उघडी. आत कडब्याची कुट्टी. धांडा गोड असतो, त्यामुळे मुंग्या येतात. बुडाच्या चारी कोपऱ्यांखाली हळदीच्या चिमटीपेक्षा पाण्याची वाटी जास्त कामाची.

मूर्ती मातीच्या करायच्या तर आपली काळी माती नुसती वापरू नये. ती भिजली की फुगते आणि सुकताना आक्रसून तडकते. शेतात भेगा पडतात तशाच मेंढराच्या पाठीवर पडतात. कुंभाराची माती तीन भाग, बारीक चाळलेली वाळू एक भाग आणि मूठभर पिंजलेला कापूस कालवून दोन दिवस ओल्या पोत्याखाली ठेवावी. तुकडा मुठीपेक्षा मोठा असेल तर आत कागदाचा बोळा घालावा, नाहीतर बाहेरून सुकतो आणि आतून ओला राहून फुटतो. सावलीत चार दिवस, मगच ऊन. बैल वेगळे करायची गरज नसते. पोळ्याचे मातीचे बैल घरात असतातच, ते शिंगांना नवा रंग देऊन गोठ्यात उभे राहतात. बाळ येशूची मूर्ती मात्र २४ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत बाजूला ठेवायची, तोवर कुट्टीत जागा रिकामी.

छपरावर बर्फ हवाच असा कोणाचा तरी हट्ट असतो. मग सरकीसकट कापूस घ्यावा. सरकीच्या वजनाने तो जागेवर बसतो, पिंजलेला वाऱ्याने उडून बल्बला चिकटतो. गव्हाणीजवळ मेणबत्ती अजिबात नको. सुका कडबा आणि कापूस एकत्र असताना पेट घ्यायला क्षण लागतो.

दारावर टांगायच्या नाताळच्या गोल कड्याला बांबूची १०४ सें.मी.ची पट्टी, १० सें.मी. एकावर एक घेऊन बांधली की ३० सें.मी. व्यासाचं कडं होतं. त्यावर केळीचं सोपट गुंडाळायचं. खोडाचे बाहेरचे सोप उतरवून, सुरीच्या बोथट बाजूने आतला गर खरवडून, सावलीत आठवडाभर वाळवायचे. हे काम जुन्या कपड्यांत करावं, केळीच्या चिकाचा डाग कोणत्याही साबणाने जात नाही. वाळलेलं सोपट तसंच वळवलं तर मोडतं. ओल्या फडक्यात अर्धा तास ठेवून ३ सें.मी.च्या पट्ट्या फाडाव्यात. मीटरभर लांबीच्या आठ-दहा पट्ट्या पुरतात.

कड्यावर लावायला कापूस वेचून झालेली, चार-पाच पाकळ्यांची सुकी बोंडं, पंचवीस ते तीस. लाकडी फुलासारखी दिसतात, पाच पाकळ्यांचं तर थेट ताराच. पऱ्हाटीवरून तोडताना ५ सें.मी. देठ ठेवावा आणि बारीक तारेने देठ सोपटात बांधावा. धुळकट बोंडावर गरम गोंद धरत नाही. कवडी, म्हणजे न उमललेलं बोंड, घेऊ नये. त्यात गुलाबी बोंडअळी झोपलेली असू शकते. उघडी बोंडंही उकळत्या पाण्यात बुडवून, दोन दिवस कडक उन्हात वाळवून मगच घरात आणावीत. सण झाल्यावर ती जपून ठेवायची नाहीत. पऱ्हाट्या ज्या कारणासाठी शेतातून उपटून काढतात त्याच कारणासाठी हीही जाळायची.

तारा ६ जानेवारीला, ताऱ्यामागून बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या ज्ञानी लोकांच्या सणाला उतरवतात. ओला स्पंज काड्यांवरून फिरवला की खळ सुटते आणि कागद सोलून निघतो. मग फुल्यांवरचा दोरा कापून पाच टेकू काढायचे. टेकू निघाले की अख्खा सांगाडा पुन्हा सपाट होतो आणि कपाटामागे किंवा खिळ्यावर मावतो. बांबूला भुंगा लागतो, तो लागल्याचं खाली पडलेल्या पिवळट पिठावरून कळतं. काड्यांना निंबोळीचं तेल चोळून ठेवलं तर सांगाडा तीन-चार नाताळ चालतो. टेकू एका पिशवीत वेगळे ठेवून पिशवीवर माप लिहावं. १४ चा टेकू आणि १५ चा टेकू नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत नाही.